काटकसर कीं कृपणता?

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु काटकसर आणि कृपणता यांमधील रेषा सूक्ष्म असते, व ती ओलांडल्याचें बहुधा नुकसान झाल्यावरच ध्यानांत येतें. हल्लीं पुष्कळ विद्यार्थी तयार संगणक न घेतां त्याचे निरनिराळे भाग आणून घरींच जोडतात. हा उद्योग स्तुत्य आहे. त्यानें पैसा वांचतो व ज्ञानही वाढतें. मात्र या खरेदींत ज्या एका भागाच्या वांट्यास नेहमीं उरलेसुरले पैसे येतात, त्याची बाजू मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

तो भाग म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. बाजारांत तिला एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या नाजूक अवयवांस मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टची दिष्ट वीज लागते. हें रूपांतर अखंड व स्थिरपणें करीत राहणें हें या पेटीचें काम. सर्व अवयवांस तिच्याच हातचें अन्न मिळत असल्यामुळें ती बिघडली तर एकटीच बिघडेल, असा भरंवसा धरतां येत नाहीं. असें असूनही मुलें प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची आठ आठ दिवस चर्चा करतात, आणि पेटी मात्र कॅबिनेटबरोबर येईल ती घेतात. तिच्यावर ‘४५० वॅट’ असें ठळक छापलेलें असलें म्हणजे पालकांचेंही समाधान होतें. या समाधानावरच माझा आक्षेप आहे.

एक उदाहरण घेऊं. इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ हा प्रोसेसर जास्तींत जास्त ८९ वॅट घेतो, असें त्याच्या कर्त्यांनींच सांगितलें आहे. एएमडीचें रेडिऑन आरएक्स ६६०० हें ग्राफिक्स कार्ड १३२ वॅटचें आहे. दोहोंची बेरीज २२१ झाली. मदरबोर्ड, स्मृति, साठवण व पंखे यांस आणखी ५० धरले, तरी एकूण सुमारें २७० वॅट होतात. ग्राफिक्स कार्डाची मागणी मधूनच क्षणभर उसळते, म्हणून थोडी जागा राखावी लागते. एएमडीनें या कार्डासाठीं ४५० वॅटची पेटी सुचविली आहे, ती याच विचारानें योग्य ठरते.

मग ‘४५०’ हा आकडा पाहून पेटी घ्यावी काय? नाहीं. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोघेही आपली बहुतेक सर्व शक्ति १२ व्होल्टच्या वाटेनें घेतात. म्हणून पेटीच्या कुशीवरील कोष्टक वाचावें. तेथें १२ व्होल्टपुढें ३६ अँपिअर लिहिलें असेल, तर गुणाकार ४३२ वॅट येतो; ठीक आहे. परंतु समजा, तेथें अवघे १८ अँपिअर आहेत. तर २१६ वॅटच हातीं आले. वरील दोघांचीच गरज २२१ ची! मोठ्या अक्षरांतील आकडा आणि बारीक अक्षरांतील सत्य यांत एवढें अंतर असूं शकतें. आठवीच्या विद्यार्थ्यासही येणारा हा गुणाकार दुकानांतच करून पाहावा.

‘८० प्लस’ या चिन्हाविषयींही गैरसमज आढळतो. ही योजना २००४ सालीं सुरू झाली. तिच्या मूळ पायरीस २०, ५० व १०० टक्के अशा तिन्ही भारांवर निदान ८० टक्के कार्यक्षमता लागते. म्हणजे २७० वॅट पुरवितांना भिंतींतून सुमारें ३३८ वॅट घेतले जातील व उरलेले उष्णतेंत जातील. हें चिन्ह विजेची बचत सांगतें. पेटीच्या टिकाऊपणाची तें हमी देत नाहीं. त्यासाठीं अतिदाब, अतिभार व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय, आणि कर्ता किती वर्षांची हमी देतो, हें पाहावें.

याच्या उलट टोकास जाणेंही शहाणपणाचें नव्हे. वरील यंत्रास ७५० वॅटची पेटी घेतल्यानें तें अधिक वेगानें चालणार नाहीं. पुढें मोठें कार्ड बसविण्याचा निश्चय असेल तर ५५० पर्यंत जावें. एरवीं तो पैसा स्मृतीवर खर्चिलेला बरा.

पालकांस दोन गोष्टी विनवितों. घरांतील तीन पिनांच्या सॉकेटास खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. तें नसेल तर चांगल्या पेटीच्या संगणकासही हात लावतां झिणझिण्या येतात. दुसरें, पेटी बिघडल्यास मुलांस ती उघडूं देऊं नये. वीज तोडल्यावरही आंतील कपॅसिटरांत घातक विद्युत्भार शिल्लक राहूं शकतो.

वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकतों. पाया दिसत नाहीं म्हणून त्यावर खर्च न करणारा मनुष्य धूर्त नव्हे, अदूरदर्शी होय. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तर काम थोडें सावकाश होईल, इतकेंच. पेटी कमअस्सल घेतली तर आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन जमविलेला सगळाच पैसा धोक्यांत येतो. तेव्हां विद्यार्थीमित्रहो, खरेदीच्या यादींत वीजपुरवठ्याचें नांव शेवटीं नको, आरंभीं लिहा.