ख्वारिझमीचा अभिमान पुरे, आता गणित शिका

बकरी ईदला रेडीला मामूंकडे गेलो होतो. मामेबहिणीचा बारावीचा निकाल नुकताच लागलेला, गणितात उत्तम गुण. तिला बी.एस्सी.ला गणितच घ्यायचं आहे. जेवणं आटोपायच्या आत मामूंनी विषय काढला. "तू इंजिनियर आसस, तूच सांग हिका. गणित शिकान पोट भरतला काय?" घरात निर्णय झालेला होता: इंजिनियरिंग, नाहीतर फार्मसी. मला फक्त शिक्का मारायला बसवलं होतं. मी मारला नाही. मामू रागावले. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना हे उत्तर.

पोटाचा प्रश्न खोटा नाही. खाण, बंदर, शेजारचा गोवा आणि आखात यांच्या भरवशावर जगणाऱ्या गावात तो विचारलाच जाणार. पण "इंजिनियरिंग म्हणजे पोट, गणित म्हणजे उपास" हे समीकरण कोणी सिद्ध केलं? मी इंजिनियर आहे, म्हणून सांगतो. एम-वन ते एम-फोर असे गणिताचे चार पेपर मी गाइड वाचून काढले. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढायची कृती पाठ होती. त्या कशासाठी काढायच्या हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिशी ओलांडल्यावर मशीन लर्निंगचं काम अंगावर आलं, तेव्हा रात्री जागून तेच धडे पहिल्यापासून शिकलो. आज साधा कोड यंत्रच लिहून देतं. त्याने दिलेलं उत्तर बरोबर का आहे, आणि कुठे चुकेल, हे सांगणारा माणूस लागतो. ती सवय गणिताची पदवी लावते. तिथे उत्तराला गुण नसतात, सिद्धतेला असतात.

आता आपल्या लाडक्या सवयीकडे वळू. व्हॉट्सॲपवर दर महिन्याला फिरतं: बीजगणित मुसलमानांनी दिलं, अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिझमीच्या नावावरून आला. खरंच आहे. नवव्या शतकातल्या बगदादच्या या माणसाच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरूनच बीजगणिताचं युरोपीय नाव पडलं. पण त्याने भारतीय अंकपद्धतीवरही पुस्तक लिहिलं, हे फॉरवर्डमध्ये नसतं. तो दुसऱ्याकडून शिकला आणि पुढे गेला. आपण त्याच्याकडून काहीच न शिकता त्याच्या नावावर बसलो आहोत.

त्याच्या बीजगणिताचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. म्हणजे जे गणित आपल्या मोहल्ल्यात आजही केलं जातं, तेच. एक उदाहरण घ्या. बाई वारली; मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याचा हिस्सा १/२, बहिणींचा मिळून २/३. बेरीज होते ७/६, म्हणजे मालमत्तेपेक्षा जास्त! सुन्नी फिकहमध्ये यावर 'औल' हा उपाय आहे: छेद ६ ऐवजी ७ घ्यायचा. नवऱ्याला ३/७, बहिणींना ४/७. कृती मौलानांना पाठ असते. पण असं केल्यावर प्रत्येकाचा हिस्सा सारख्याच प्रमाणात, म्हणजे एक सप्तमांशाने, कमी होतो, आणि तो का होतो, हे किती जण सांगतील? अशी वाटणी न्याय्य आहे का, हा वाद वेगळा आणि तो चालूच राहिला पाहिजे. पण ज्याला हिशोबच तपासता येत नाही, त्याने न्यायाचा वाद कशाच्या जोरावर घालायचा? खासकरून बहिणींनी, ज्यांचा हिस्सा नेहमी दुसराच कोणीतरी मोजतो?

एक काळ वेगळा होता. १९३० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित विभाग चालवायला आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती आला. पुढे तो विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितींत गणला गेला. त्याने बोलावलेल्यांत आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी होते. दोनेक वर्षांत तो गट पांगला. तो टिकला असता तर, असा उसासा टाकून उपयोग नाही. २००६चा सच्चर अहवाल सांगतो की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तरला पन्नासात एक. म्हणजे आधीच थोडे, त्यातलेही पदवीनंतर थांबणारे जास्त. भेदभाव आहे, गरिबी आहे. २०२२ मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, त्याचा निषेध व्हायलाच हवा. पण सीएसआयआर-नेटची फेलोशिप आणि राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या धर्म विचारत नाहीत. तिथे आपले अर्ज किती जातात?

"मुलीला कशाला?" हेही ऐकलं. मरियम मिर्झाखानी तेहरानमध्ये गणिताची पदवी घेऊन निघाली आणि २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. प्रत्येक मुलगी मिर्झाखानी होणार नाही. प्रत्येक इंजिनियरही कुठे मोठा होतो? शिवाय गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, मॅनेजमेंट कोट्याची रक्कमही लागत नाही. त्या पैशात मुलगी पदवी घेऊन पुढे एम.एस्सी.ही करेल.

म्हणून मागणं असं. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं आहे. वेंगुर्ल्याच्या, सावंतवाडीच्या महाविद्यालयात जाऊन विचारा: गणित मेजर आहे का? दुसरा विषय मेजर घेतला तर गणित मायनर मिळेल का? नाही म्हणाले तर लेखी मागा; दहा जणांनी मागितलं तर विचार करावाच लागेल. दुसऱ्या वर्षापासून पुण्याच्या स. प. महाविद्यालयाची माधव गणित स्पर्धा, उन्हाळ्यातली एमटीटीएस शिबिरं आणि आयआयटीच्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा डोक्यात ठेवा. जमातीने गुणवंतांच्या सत्कारात शाल-नारळाऐवजी गणिताची पुस्तकं आणि एका वर्षाची फी द्यावी.

मामू, हिचा अर्ज अजून भरायचा आहे. पोट भरेल. सही करा.