'नको'चा अर्ज मी का करायचा?

परवा सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. डोंगरापलीकडच्या गुड्यावरची एक कोलाम म्हातारी आली. पदराच्या गाठीतून मोबाईल काढला आणि म्हणाली, "गुर्जी, पाहा बरं, पैसे आले म्हनते नातू."

पाहिलं. इंग्रजीत मेसेज होता, 'तुमचे दोन लाखांचे कर्ज मंजूर'. पोराने आकडा तेवढा ओळखला होता, आणि त्या आकड्यावर विसंबून बिचारी पायी जिवतीला आली होती. गंमत म्हणजे तिच्या निराधार योजनेचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा खरा मेसेज त्याच ढिगात खाली चार दिवस पडून होता!

शिकलेली मंडळी म्हणतात, "डिलीट करा ना गुरुजी, एवढं काय मनावर घेता?" अहो, ज्याला वाचता येतं त्याने डिलीट करावं. ज्याला येत नाही, त्याने खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे कसं ओळखायचं?

उपाय नाही असं नाही. नको असलेल्या कॉलसाठी सरकारी नोंदवही २००७ पासून आहे. त्यासाठी १९०९ हा क्रमांकही आहे. २०१८ मध्ये ट्रायने नवे नियम केले, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक केले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे इंग्रजी 'पी' असेल तर ती जाहिरात, हेही ठरलं. चांगलंच आहे. पण हे सगळं कोणी करायचं? ज्याला त्रास होतो त्याने! आणि नको म्हणण्यासाठी १९०९ वर मेसेज काय पाठवायचा, तर इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्य. बंद करायला सांगताना 'सुरू' लिहायचं! आमच्या म्हातारीला हे कोण समजावणार?

पस्तीस वर्षं शिकवलं. वर्गात एखादं पोर गप्प बसलं म्हणजे त्याला धडा समजला, असं मी कधी धरलं नाही. इथे मात्र ग्राहक गप्प म्हणजे त्याची संमती! युरोपात २००२ च्या नियमाने उलट ठरवलं. जुना ग्राहक सोडला, तर जाहिरातीचा मेसेज पाठवण्याआधी माणसाला विचारायचं. सिमकार्ड देताना आपल्याकडे अंगठा घेतातच ना? मग त्याच वेळी त्याच्या भाषेत एक प्रश्न विचारा, "जाहिराती हव्यात का?" उत्तर आलं नाही तर 'नको' धरा. ज्याला हव्यात त्याने अर्ज करावा.

असो. म्हातारीच्या मोबाईलवरून मी तो 'स्टार्ट शून्य' पाठवला. याने बँकेचे मेसेज बंद होत नाहीत, हे तिला दोनदा सांगितलं. तिने विचारलं, "म्या तर कोनाले बोलावलंच नोयतं गुर्जी, मंग नाई कायले म्हनाव लागते?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ज्यांनी नियम केले, त्यांनी ते द्यावं.