नाच गेला, पॉइंट आले



मुलं-सुना अमेरिकेत असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींची एक तरी फेरी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला होतेच. नातवंडांचा हट्ट असतो, मुलाने रजा काढलेली असते, आणि "आई, एवढ्या लांब आलाच आहात तर..." हेही असतंच. आज तिथल्या एका हॉटेलाबद्दल लिहिते आहे आणि जरा कडक लिहिणार आहे, कारण तिथे जे घडलं त्याचा धागा आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीपर्यंत येतो.

हॉटेलाचं नाव पॉलिनेशियन व्हिलेज. १ ऑक्टोबर १९७१ ला डिस्ने वर्ल्ड सुरू झालं त्याच दिवशी हेही उघडलं. तिथे 'लुआऊ कोव्ह' नावाचा एक उघड्यावरचा रंगमंच होता. लुआऊ म्हणजे हवाई बेटांवरची मेजवानी. संध्याकाळी लोक टेबलांभोवती बसून जेवायचे आणि समोर हवाई, ताहिती, सामोआ या बेटांचे नाच व्हायचे. लहान मुलांना मंचावर बोलावून हुला नाचाची पावलं शिकवायचे. शेवटी सामोआच्या परंपरेतला, पेटतं शस्त्र गरगरा फिरवण्याचा नाच. अलीकडच्या काळात या कार्यक्रमाचं नाव होतं 'स्पिरिट ऑफ अलोहा'.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सगळंच बंद झालं, तसा हा कार्यक्रमही. तो पुन्हा सुरू झालाच नाही. २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की या हॉटेलात टाइमशेअरची नवी इमारत उभी राहणार. रंगमंच पाडला. १७ डिसेंबर २०२४ ला तिथे 'आयलंड टॉवर' उघडला.

आता कोणी म्हणेल, "अगं, त्या जेवणात डुकराचं मांस, कोंबडी. आपल्या पंगतीचं ते नव्हतंच. गेलं तर गेलं, तुला कसलं दुःख?" बरोबर आहे, ते ताट माझं नव्हतं. त्या ताटासाठी मी लिहीतही नाही. मी लिहिते आहे ती जागेबद्दल. ज्याला वाटेल त्याने एका संध्याकाळचं तिकीट काढावं, बघावं आणि उठून घरी जावं, अशी ती जागा होती. तिकीट काही स्वस्त नव्हतं, पण देणं तिथेच संपायचं. दुसऱ्या हॉटेलात उतरलेलं कुटुंबही येऊ शकायचं. आज तिथे जे आहे, ते विकताना चाळीस वर्षांची सही मागतात.

"महामारीमुळे बंद पडलं, कंपनी तरी काय करणार?" हा युक्तिवाद मला पटत नाही. डिस्ने वर्ल्डमध्येच फोर्ट वाइल्डरनेस या ठिकाणी 'हूप-डी-डू' नावाचा जेवणासह गाण्या-विनोदाचा कार्यक्रम १९७४ पासून चालतो. तोही २०२० मध्ये बंद झाला आणि २०२२ मध्ये परत सुरू झाला. महामारी दोघांनाही आली होती. एक परत आला, दुसऱ्याच्या जागेवर इमारत आली. म्हणजे कारण जागेची किंमत हेच आहे.

गणित समजून घ्या, कारण ते आपल्या घरी रोज चालणाऱ्या गणितापेक्षा वेगळं नाही. नाचाचा कार्यक्रम म्हणजे रोजचा स्वयंपाक. आज केला, आज वाढला, उद्या पुन्हा चूल पेटवायची. नर्तक, वादक, आचारी, वाढपी या सगळ्यांचा पगार द्यायचा. पाऊस आला किंवा थंडी वाढली की त्या दिवशीचा खेळ रद्द. टाइमशेअरचं तसं नाही. तिथे वर्षाकाठी ठरावीक 'पॉइंट' विकतात आणि पैसे आधी घेतात. नंतर इमारतीची निगा, साफसफाई, कर या सगळ्याचा खर्च पॉइंट घेणाऱ्यांकडून दरवर्षी वेगळा वसूल होतो. शिवाय सुट्टी तिथेच घालवायची असल्याने उद्यानांची तिकिटं आणि खाणंपिणंही तिथलंच. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर याहून चोख सौदा नाही. म्हणूनच मला कंपनीचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते या बदलाला 'पाहुण्यांसाठी नवी भेट' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचं.

आता भेट कसली ते बघा. नव्या सभासदाला कमीत कमी १५० पॉइंट घ्यावे लागतात आणि एका पॉइंटचा दर २०० डॉलरच्या वर आहे. म्हणजे सुरुवातच ३०,००० डॉलरच्या पुढे. कर्ज तिथेच मिळतं, त्याचं व्याज वेगळं. वार्षिक देखभालीचे पैसे वेगळे, आणि ते किती हे दरवर्षी नव्याने ठरतं. करार ३१ जानेवारी २०६६ ला संपतो. त्या दिवशी हातात घर नाही, जमीन नाही, काही नाही. आज चाळिशीत असलेली आपली सून तेव्हा ऐंशीच्या घरात असेल.

"पण काकू, हॉटेलचे दर दरवर्षी वाढतात, आम्ही आजच्या भावाने पुढच्या सुट्ट्या घेऊन ठेवल्या," असं मुलं सांगतात. हे अगदीच खोटं नाही. जे कुटुंब खरोखर दरवर्षी तिथेच जाणार, रोख पैसे भरणार आणि वर्षभर आधी खोली राखून ठेवणार, त्याला हा हिशेब जमूही शकतो. पण आपल्या किती घरांत असं होतं? एका वर्षी कोणाचं लग्न निघतं, एका वर्षी बाळंतपण, एका वर्षी इकडे सासऱ्यांचं ऑपरेशन. सुट्टी मिळाली तर आधी भारतात यायचं की डिस्नेला जायचं? पॉइंट पुढच्या वर्षात नेता येतात, पण त्यालाही मुदत असते. आणि देखभालीचे पैसे मात्र तुम्ही गेलात, न गेलात, भरावेच लागतात.

हे फक्त तिकडचंच नाही. आपल्या पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये कूपन भरून घेतात. चार दिवसांनी फोन येतो, "तुम्हाला बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी यायचं, जेवण आमच्याकडे." बोलावणं दोघांना असतं कारण सही दोघांची हवी असते. 'घरी विचारून सांगतो' ही आपली जुनी, शहाणी पळवाट बंद करायची असते. मैत्रिणींनो, ही पळवाट जपा. बाजारात भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारणाऱ्या आपण, चाळीस वर्षांच्या सौद्यावर दोन तासांत सही का करायची?

आणि अजून एक गोष्ट मला सलते. हॉटेलाचं नाव अजूनही पॉलिनेशियनच आहे. भिंतींवर बेटांची नक्षी आहे, नावं तिथलीच आहेत. ज्या लोकांच्या नाचामुळे त्या नावाला अर्थ होता, त्यांचा मंच तेवढा गेला. कोणाची संस्कृती दारावर तोरणासारखी लावायची आणि ती जिवंत ठेवणाऱ्या माणसांना 'जागा लागते आहे' म्हणून उठवायचं, याला माझ्या भाषेत पाहुणचार म्हणत नाहीत. इमारत बांधायचीच होती तर बांधा, पण तिच्या पायथ्याशी एक मंच ठेवता आला नसता का? नव्या इमारतीत पोहण्याचा तलाव आहे, उपाहारगृह आहे. मंचाला तेवढी जागा पुरली नाही.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. मुलांनी बोलावलं तर जरूर जा, नातवंडांबरोबर मजा करा. राहण्याचे पैसे त्या-त्या वेळी द्या आणि मोकळ्या व्हा. कोणी पॉइंटबद्दल सांगायला बसवलं तर ऐका, हसा आणि कागद घरी आणा. सुट्टीवर असताना सही नाही, हा नियम घरात आत्ताच करून ठेवा. आणि मुलाने-सुनेने फ्लोरिडात सही केलीच असेल तर त्यांना लगेच सांगा की तिथल्या कायद्याप्रमाणे दहा दिवसांच्या आत लेखी कळवून करार रद्द करता येतो. हे दहा दिवस बहुतेकांचे सुट्टीच्या आनंदातच निघून जातात.

परत आल्यावर हॉटेलवाले "आमची सेवा कशी वाटली?" म्हणून फॉर्म पाठवतात. तो आपण बंद करून टाकतो. यापुढे भरा. 'खोल्या छान आहेत, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बसायची जागा परत द्या' एवढं एक वाक्य त्यात लिहा. आपल्यासारख्या पाचशे जणींनी लिहिलं, तर वाचणाऱ्याला ते मोजावं लागेल.