‘खुर्ची’ परकी कीं आपली ?

भाषाशुद्धीचा विषय निघाला म्हणजे परकीय शब्दांच्या यादींत ‘खुर्ची’चें नांव हटकून येतें. ही यादी करणाऱ्यांच्या स्वभाषाप्रेमाविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु शब्दास घराबाहेर घालविण्यापूर्वीं त्याची नीट चौकशी करावी, एवढीच आमची विनंति आहे.

हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून फारसीच्या द्वारें आपणांकडे आला. हिंदीनें व उर्दूनें तो जसाच्या तसा ठेविला. मराठीनें मात्र ‘क’चा ‘ख’ व ‘स’चा ‘च’ करून त्यास आपलें वळण लाविलें. अरबीनें तरी तो कोठून घेतला ? अरामी भाषेपासून. त्यापूर्वीं बाबिलोनच्या प्राचीन अक्कादी भाषेंत ‘कुस्सू’ हा शब्द होता, आणि त्याचेंहि मूळ सुमेरी भाषेंत आहे, असें पंडित मानतात. म्हणजे यांपैकीं प्रत्येक भाषेनें तो उसना घेतला, आणि कोणासहि त्याची लाज वाटली नाहीं.

आतां अर्थ पाहूं. ‘कुस्सू’ म्हणजे आसन, तसेंच सिंहासन. कुराणांतील दुसऱ्या अध्यायाचें २५५ वें वचन ‘आयतुल् कुर्सी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें ईश्वराची कुर्सी आकाश व पृथ्वी व्यापून राहिली आहे, असें वर्णन आहे. ग्रीक ‘कथेद्रा’ म्हणजे आसन. त्यावरून बिशपाचें आसन असलेल्या मंदिरास ‘कथीड्रल’ म्हणतात. आपल्या संस्कृतांतहि ‘पीठ’ म्हणजे बसावयाची जागा, आणि त्यावरूनच विद्यापीठ. बसण्याची जागा व अधिकार यांची सांगड अशी सर्वत्र आहे. मराठींत ती ‘खुर्ची’नें उचलली. ‘त्यांस खुर्ची सोडवत नाहीं’ असें म्हणतांच जें समजतें, तें ‘आसन सोडवत नाहीं’ म्हटल्यानें समजणार नाहीं. ऐकणाऱ्यास योगाभ्यासच आठवेल!

शिवछत्रपतींनीं १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करविला, हें आम्ही विसरलों नाहीं. तें कार्य थोरच होतें. परंतु राज्यकारभाराची परिभाषा ठरवितां येते. घरांतील बोली आज्ञेनें बदलत नाहीं.

आमच्या मतें खरी हानि निराळीच आहे. पाट, चौरंग, बाज, तिवई हे शब्द कित्येक मुलांस ऐकूनहि ठाऊक नाहींत. आणि ज्या खुर्चीस आपण परकी म्हणतों, तिला कांहीं घरांतून ‘चेअर’ बाहेर ढकलूं लागली आहे. नवा शब्द नवा अर्थ घेऊन येत असेल, तर त्याचें स्वागत करावें. चालता शब्द केवळ ऐटीखातर टाकणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. पालकांनीं घरांतील वस्तूंचीं नांवें मराठींत घ्यावीं. विद्यार्थ्यांनीं आजीआजोबांस विचारून जुन्या वस्तूंचीं दहा नांवें वहींत उतरून घ्यावीं, आणि तीं बोलण्यांत आणावीं. भाषा राखण्याचें काम येथूनच सुरू होतें.