ओट्याची झिलई

गेल्या दिवाळींत चिंचेनें तांब्यापितळेचीं भांडीं लखलखलेलीं पाहून आमच्या धाकट्या सूनबाईंनीं उरलेली चिंच कडप्प्याच्या ओट्यावरहि चोळली. हेतु उत्तम, पण उमटलेले पांढुरके डाग अद्यापि तसेच आहेत. कडप्पा काय, शहाबादी काय किंवा संगमरवर काय, हे सारे दगड चुनखडीच्या कुळांतले. आंबट पदार्थ त्यांचा केवळ मळ काढीत नाहीं, दगडच खातो. वर खोबरेल चोळल्यास काळेपणा दिसतो खरा, परंतु तो चार दिवसांचा. शिवाय तेलावर धूळ बसते ती निराळीच. रोजच्या निगेस पाणी व सौम्य साबण पुरे. लिंबूरस सांडल्यास तत्काळ पुसावा. गेलेली झिलई मात्र कारागिराकडून दगड पुन्हा घासूनच आणावी लागते. आम्हीं त्यास बोलाविलें आहे. सूनबाईंस कोणी बोललें नाहीं; चिंच आम्हींच दिली होती.