सेन्सर लावला म्हणून आंघोळ आणि पोहणे सोडू नका!

"दंडावर सेन्सर आहे ना डॉक्टर, म्हणून चौदा दिवस नुसते अंग पुसून घेतो." असे सांगणारे रुग्ण अजूनही भेटतात. कोणी दंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ करतो, कोणी पोहणेच बंद करतो. "पाणी लागू देऊ नका" हा सल्ला सेन्सर लावून देणारा देतो, शेजारचे काका देतात, कधी कधी डॉक्टरही देतात. हा सल्ला चुकीचा आहे. मधुमेहात रोजचा व्यायाम हेच मोठे औषध. त्यातही गुडघे दुखणाऱ्यांना पोहण्यासारखा व्यायाम नाही. सेन्सरपायी तोच बंद करायचा, ही कुठली रीत?

शुगर सतत मोजणारे हे सेन्सर पाणी लागणार हे धरूनच बनवलेले असतात. फ्रीस्टाइल लिब्रे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत चालतो. डेक्सकॉम जी ६ तर ८ फूट खोलीपर्यंत २४ तास. म्हणजे बादलीची आंघोळ, शॉवर, पावसात भिजणे यांची चिंताच नको. लिब्रे लावून पोहताना अर्ध्या तासाने बाहेर या. खोल सूर मारणे टाळा. तुमचा सेन्सर वेगळा असेल तर त्याच्या माहितीपत्रकातली मर्यादा वाचा.

सेन्सर सुटतो तो बहुधा तेलाने, घामाने आणि घासण्याने. म्हणून आंघोळ करून, त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर तो लावा. त्या जागी तेल किंवा क्रीम नको. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल-उटणे खुशाल लावा, फक्त तेवढा दंड सोडा. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. वरून चिकटपट्टी लावायची असेल, तर लिब्रेच्या मधले बारीक छिद्र झाकू नका.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. सेन्सर भिजेल म्हणून सगळे घाबरतात, पण पाण्यात शुगर उतरली तर काय, हे कोणी विचारत नाही. रस्त्यात चक्कर आली तर माणूस कडेला बसतो. पाण्यात कुठे बसणार? इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर तो कमी.

"सेन्सर आहे, तो सांगेल" या भरवशावरही राहू नका. ब्लूटूथचा सिग्नल पाण्यातून नीट जात नाही आणि मोबाइल तर काठावरच्या पिशवीत असतो. गजर तुमच्यापर्यंत पोहोचणार कसा? शिवाय सेन्सर रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो. शुगर झपाट्याने उतरत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो.

म्हणून इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेत असाल तर:

• पाण्यात उतरण्यापूर्वी आकडा आणि बाण दोन्ही पाहा. शुगर ९० च्या खाली असेल किंवा बाण खाली वळला असेल, तर आधी खा, शुगर वर आल्यावरच उतरा.
• ग्लुकोज किंवा साखर काठावर, हाताशी ठेवा.
• एकटे पोहू नका. जीवरक्षकाला मधुमेह असल्याचे सांगा.
• थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच बाहेर या. आकडा काहीही असो, आधी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर घ्या, मग बोट टोचून तपासा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.
• पोहून झाल्यावरही काही तास शुगर उतरू शकते, रात्रीसुद्धा. लक्ष ठेवा.
• इन्सुलिन टोचल्यावर लगेच कढत पाण्याने आंघोळ नको. उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषले जाते.

काही हजार रुपये घेऊन सेन्सर लावणाऱ्याने ही पाच मिनिटांची माहिती द्यायलाच हवी. "पाणी लावू नका" म्हणणे सोपे असते, त्यात समजावण्याचा वेळ वाचतो. तुम्ही मात्र तेवढ्यावर उठू नका. "माझ्या औषधांवर पोहताना शुगर किती असावी?" हे विचारा, उत्तर लिहून घ्या आणि खुशाल पोहायला जा.