जायज म्हणजे फर्ज नव्हे

"तुमच्यात बहिणीशीच लग्न लावतात ना?" हा टोमणा मी अनेकदा ऐकला आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. तशी रूढी असेल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदाही त्या लग्नाला मान्यता देतो. कुरआनमध्ये (सूरह निसा, ४:२३) निषिद्ध नाती मोजून सांगितली आहेत. त्यांत चुलत, मामे, आते, मावस बहीण नाही.

पण आपल्यालाही एक सांगायचे आहे. जायज म्हणजे फर्ज नव्हे. जमीन घरात राहावी म्हणून मुलीला चुलतभावाच्या गळ्यात बांधू नका. निकाहात घेतली जाणारी तिची कबुली नावापुरती नसावी. नात्यातल्या लग्नात थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. म्हणून शब्द देण्याआधी दोघांची रक्ततपासणी करा. आणि त्याही आधी मुलीला विचारा.